म्हसोबापुढची सुरी

“चांदचाचा, औंदा सुरी घिऊन येऊ नगा,” पाटलाचा लालासाहेब उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला. अम्माने आत ये म्हटलं, तरी आला नाही.

अब्बा ओसरीवर बसून सुरीला धार लावत होते. दुसऱ्या दिवशी म्हसोबाची जत्रा. त्यांना वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. “मग काय अडकित्ता घिऊन येऊ?” ते हसून म्हणाले.

“चेष्टा न्हाई, चाचा. पोरांनी ठरीवलंय. मानाचा बकरा आमचा आमीच कापणार.”

“तुज्या बापूनं, नानासोंनी सांगितलं?”

“बापूचं काय घिऊन बसलाय, त्येंचं वय झालं. आन् आमी काय आमच्या मनानं बोलत न्हाई. तुमच्या दिलावरनंच सांगितलं की चावडीत, समद्यांम्होरं.”

माझा भाऊ दिलावर आत बाजेवर पेपर वाचत पडला होता. तो ताडकन उठून बाहेर आला. “मी असं कधी म्हणालो, लाला?”

“तूच म्हनलास न्हवं, सुरी कुठल्यातरी सुभेदाराच्या हुकमानं आली म्हनून? देवाचा काय संबंध न्हाई म्हनून?”

“अरे, पण त्याचा अर्थ असा होत नाही. मी सांगत होतो की रिवाज कसे तयार होतात, कसे...”

“अर्थ तू सांग तुझ्या कालेजात. सुभेदार मेला, हुकूम बी मेला. इषय संपला.”

एवढं बोलून पाटलाचं पोरगं निघून गेलं. लहानपणी हेच पोरगं अब्बांच्या खांद्यावर बसून जत्रा बघायचं, आणि भूक लागली की पाटलाच्या वाड्याकडे न जाता आमच्या चुलीपुढे येऊन बसायचं. आता तालमीत जातं, मांडीवर थाप मारतं. अब्बा पुन्हा सुरी दगडावर फिरवू लागले. मला ते बघवेना.

आम्ही गावचे मुलाणी. गावात घरं चारशे, त्यात मुसलमानाची आमची पाच. पण म्हसोबाच्या जत्रेत मानाचा बकरा पाटलाच्या दावणीचा आणि सुरी मुलाण्याची, हे माझ्या आज्याच्या आज्यापासून चालत आलेलं. ओढ्याकाठी शेंदूर फासलेला म्हसोबा पूर्वेकडे तोंड करून बसला आहे. त्याच्यापुढे बकरा उभा करायचा, त्याला पाणी पाजायचं, अब्बांनी बिस्मिल्ला म्हणायचं आणि सुरी फिरवायची. त्याशिवाय गावात कुणी तोंडात घास घालायचं नाही. मराठ्यांच्या म्हाताऱ्या तर सरळ म्हणायच्या, मुलाण्यानं म्हटलं नसेल तर ते मटण न्हवं, मढं.

अब्बांच्या हाताखाली जनावर ओरडत नसे. यात त्यांना फार अभिमान होता, आणि आयुष्यात दुसरा कसला अभिमान बाळगावा असं त्यांच्याजवळ काही नव्हतंही. शेत नाही, शिक्षण नाही. वर्षभर कुणाची कोंबडी काप, कुणाच्या उसाला पाणी पाज, असं करून त्यांनी दिलावरला शिकवलं. वर्षातला एक दिवस मात्र असा, की नानासो पाटील स्वतः आमच्या दारात येऊन “चला, चांदभाई” म्हणायचे आणि पुढे हलगी वाजायची.

आता दिलावरचं सांगते. गावातला पहिला एम.ए. तोही इतिहास घेऊन. नंतर तत्त्वज्ञानाची पुस्तकं वाचण्याचा नाद लागला. सांगलीच्या कॉलेजात शिकवतो. धर्म या गोष्टीची चिकित्सा झाली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. हिंदूंच्याही, आपल्याही. आणि खोटं कशाला बोलू, त्याचं म्हणणं ऐकताना मला पटायचं. माझ्या नवऱ्याने मिरजेत दारात उभं राहून एकच शब्द तीनदा उच्चारला आणि मी गाठोडं घेऊन माहेरी आले. दिलावरने त्यावर सांगलीत व्याख्यान दिलं. मला पहिल्या रांगेत बसवलं. हा रिवाज कुठून आला, कोणत्या काळात आला, मूळ ग्रंथात काय आहे, सगळं त्याने उलगडून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोन बायका माझा हात धरून रडल्या. मग मी संध्याकाळच्या एस.टी.ने गावी आले आणि भांडी घासायला बसले. नवरा काही न्यायला आला नाही.

दुष्काळ सरून बरं पीक आलेलं ते वर्ष. पाडव्याला तालमीच्या पोरांनी दिलावरला चावडीत बोलायला बोलावलं. विषय त्यानेच काढला, आपल्या गावाचा म्हसोबा. दोन वर्षं तो पुण्याच्या दप्तरखान्यात जाऊन मोडीची जुनी कागदपत्रं चाळत होता. आम्हा बायकांना चावडीच्या मागच्या अंगाला जागा मिळाली, तिथून मी ऐकलं. फार छान बोलला. म्हसोबाचा दगड म्हणजे मुळात वीरगळ. गावची गुरं चोरांच्या हातून सोडवताना कुणी गडी मेला, त्याची आठवण म्हणून लोकांनी दगड उभा केला. मागून शेंदूर चढला, माणूस पुसला गेला आणि देव झाला. सुरीचं तर आणखीच सोपं. ओढ्याकाठी फौजेचा तळ पडायचा. फौजेत हिंदू होते, मुसलमान होते. मांस सगळ्यांना चालावं म्हणून सुभेदाराने कापायचं काम मुलाण्याकडे दिलं. पोटाची सोय होती ती. पुढे तिला देव चिकटला.

“माणसानेच ही रीत निर्माण केली,” दिलावर शेवटी म्हणाला, “म्हणून माणसाला ती तपासता येते, आणि गरज संपली की सोडताही येते.”

अब्बा खांबाला टेकून बसले होते. त्यांना त्यातलं किती कळलं, देव जाणे, पण लेक बोलतो आणि सारं गाव ऐकतं, या आनंदात त्यांचे डोळे भरून आले होते. घरी येताना नानासो त्यांना म्हणाले, “चांदभाई, पोरगं लय शिकलं गड्या.” त्यावर अब्बांनी खुशीत मान हलवली.

आठ दिवसांनी तालुक्याच्या गावाहून एक मौलवी आला, बरोबर जमातीची चार माणसं. व्याख्यानाची बातमी तिकडेही गेली होती. चहा झाल्यावर मौलवी म्हणाला, “चांदसाहेब, तुमचा मुलगा एवढा आलिम, शिकलेला. तोच सांगतो की हे काम दीनाचं, धर्माचं नाही, राजाच्या नोकरीचं आहे. मग मूर्तीपुढे जनावर कापण्याचं पाप कशाला डोक्यावर घेता? दगडाकडे तोंड करून अल्लाचं नाव घेता तुम्ही.”

अब्बा म्हणाले, “मी पश्चिमेकडं त्वांड करतो, मौलवीसाब. म्हसोबा मधी येऊन बसलाय, त्येला मी काय करू?”

मला हसू फुटलं. मौलवीला फुटलं नाही. त्याने सांगितलं की औंदा म्हसोबापुढे सुरी फिरवली तर जमात चांदसाहेबांना आपल्यात धरणार नाही. लग्नकार्याला बोलावणार नाही, कुणी त्यांच्या दारी जेवणार नाही. अम्मा घाबरून आत जाऊन बसली. अब्बांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. मग म्हणाले, “गावाला मी जबान दिल्याली न्हाई. माझ्या आज्यानं दिल्याली हाय. ती मोडायची असली तर त्येला इचारा. तो वरच्या माळावर निजलाय.”

असं म्हणून हा माणूस जमातीतून उठला. म्हसोबासाठी, पाटलासाठी, गावासाठी. आणि जत्रेच्या आदल्या दिवशी पाटलाच्याच पोराने उंबऱ्याबाहेरून सांगितलं, सुरी आणू नका. आता यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा.

लालासाहेब गेल्यावर दिलावर ओसरीवर येरझारा घालू लागला. “दोघांनीही माझं बोलणं अर्धवट उचललं,” तो म्हणाला. “मौलवींनी आपल्याला हवं तेवढं घेतलं, लालाने त्याला हवं तेवढं. मूळ मुद्दा कुणाच्या लक्षातच आला नाही.”

“तुझा मुद्दा काय होता?” मी विचारलं.

“की हे सगळं माणसांनी एकमेकांच्या सोयीसाठी केलं होतं. एकत्र जेवता यावं म्हणून. यात किती शहाणपण होतं, आपा!”

“मग तेवढंच बोलायचं होतंस की रे! सोडता येते कशाला म्हणालास?”

“कारण ते खरं आहे.”

तो खोटं बोलत नव्हता, हेच तर दुखणं. त्याचं एक वाक्य खोटं असतं, तर मी त्याला तिथेच आडवा घेतला असता. तो अब्बांजवळ जाऊन बसला. हळू आवाजात म्हणाला, “अब्बा, मनाला लावून घेऊ नका. एका परीने बरंच झालं. तुम्ही सुटलात.”

“कशातनं?” अब्बांनी विचारलं.

अब्बांनी सुरी तेलाच्या फडक्यात गुंडाळली, आढ्याला खोचली आणि बकऱ्या बांधायला परसात गेले.

जत्रेच्या दिवशी हलगी आमच्या दारावरून गेली, थांबली नाही. नानासो आले नाहीत. ते खाटेला खिळलेले होते, असं नंतर कळलं. तोवर अम्माने त्यांना पोटभर शिव्या घालून घेतल्या होत्या. आमच्या घरापासून ओढा हाकेच्या अंतरावर. अब्बा अंगणात बाभळीखाली बसले. चल आत, म्हटलं, तर उठेनात. गुलाल उधळल्याचा गलका ऐकू आला, मग एकदम सगळं गप्प झालं.

मग बकरा ओरडला.

लालासाहेबाने ऊसतोडीचा कोयता घेतला होता. एका घावात मुंडकं उडवायचं, अशी तालमीत पैज लागली होती म्हणे. पैलवान मोठा, पण त्याने कापायचा तो ऊस. बकरा परत ओरडला. अब्बा उभे राहिले. “मान वर धरली न्हाई त्येनं,” ते स्वतःशीच बोलले. “पाणी बी पाजलं नसंल.” तिसऱ्यांदा ओरडला, आता घोगरं. अब्बांचे हात आपोआप पुढे झाले, कुणाची मान धरावी तसे, आणि तसेच राहिले. ते रस्त्याकडे दोन पावलं गेले, मागे फिरले, पुन्हा गेले. अम्मा दारातून ओरडली, “जाऊ नगा! मारतील तुमाला!” तेव्हा ते खाली बसले आणि दोन्ही कानांवर हात धरले. माझा बाप साठी उलटलेला माणूस, लहान पोरासारखा कान झाकून धुळीत बसला होता. दिलावर त्यांच्या शेजारी उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला त्याची कीव आली नाही, राग आला. अजूनही येतो.

दिवस कलला तसं परसदारी कुणीतरी कडी वाजवली. बघते तर रंगूबाई, नानासोंची बायको. पदराखाली पातेलं. तिच्या मागे आणखी तिघी-चौघी, सगळ्यांच्या पदराखाली तसंच काहीतरी. पाटलीणबाई आमच्या परसदारी! गोठ्याच्या बाजूने, कुणी बघू नये म्हणून चिखलातून आली होती.

“चांदभाई हैत का?” तिने विचारलं.

अब्बा बाहेर आले. रंगूबाईने पातेलं खाली ठेवलं, झाकण काढलं. रस्सा निवून वर तेल गोठलं होतं.

“घास उतरंना वो,” ती म्हणाली. “म्हाताऱ्यानं खाटंवरच ताट सारलं. म्हनलं, चांदभाईनं म्हनल्यालं न्हाई, मी मढं खात न्हाई. सुना बी तशाच बसल्यात. द्येवाचा परसाद, टाकून तरी कसा द्यायचा? तवा तुमी वाईच म्हना की त्ये तुमचं. ह्याच्यावर म्हना. कुणाला सांगत न्हाई आमी.”

“लाला कुठं हाय?” अब्बांनी विचारलं.

“भाईर. त्यो बी जेवला न्हाई,” रंगूबाई खाली बघत म्हणाली.

दिलावर माझ्यामागून पुढे आला. एवढं होऊनसुद्धा त्याच्या डोळ्यांत चमक होती, ती मी ओळखली. नवं पुस्तक हातात पडल्यावर दिसते तीच. “काकू,” तो म्हणाला, “नेमकं काय वाटतं तुम्हाला? चव वेगळी लागते, की मनाला भीती वाटते? चावडीत मी सांगितलं तेव्हा तर...”

“दिलावर, आत हो!” मी अशी ओरडले की बायका दचकल्या. “माणसं उपाशी उभी आहेत आणि तू त्यांची परीक्षा घेतोस? लाज वाटत नाही तुला?”

तो ओशाळला. अब्बांकडे वळून म्हणाला, “मग म्हणून टाका ना, अब्बा. त्यांचं समाधान होत असेल तर काय हरकत आहे? चार शब्द तर आहेत.”

अब्बा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी लेकाला कधी मारलं नव्हतं, वेडंवाकडं बोलले नव्हते. तेव्हाही नाही बोलले. त्यांनी वाकून रंगूबाईच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

“वैनी,” ते म्हणाले, “त्ये जित्या जनावराला म्हनायचं असतंय. सुरी फिरवायच्या आदी. तुजा जीव मी घेतोय, माझ्या मनानं न्हाई घेत, ज्येनं दिला त्येच्या नावानं घेतोय, असं त्येला सांगायचं असतंय. ह्ये शिजलं. आता कुणाला सांगू?”

“म्हंजी काय बी करता येत न्हाई?”

“न्हाई, वैनी.”

रंगूबाई रडायला लागली. अम्माही रडली. बायका आल्या तशा पदराखाली पातेली घेऊन गेल्या. त्या वर्षी गावाने म्हसोबाचा परसाद ओढ्यात सोडला, आणि दोन दिवस तिथे कुत्र्यांची भांडणं चालली होती.

एवढं झाल्यावर गाव शहाणं होईल, नाक घासत अब्बांकडे येईल, असं मला वाटलं होतं. वेडीच मी. गाव आपापल्या परीने शहाणं झालं. बायकांनी घरोघर धोशा लावला, सुरी मुसलमानाचीच पाहिजे. तालमीची पोरं म्हणाली, असू दे, पण मान कुणाचा नाही, हक्क कुणाचा नाही. पुढल्या जत्रेला इस्लामपूरच्या बाजारातला एक खाटीक मजुरीवर आणायचं ठरलं. तो मूर्तीपुढे नाही, ओढ्याच्या अलीकडे आडोसा करून कापणार, म्हणून जमातीचीही तक्रार उरली नाही. नानासो त्या आधीच वारले. सगळ्यांचं सगळं जमलं. दिलावरचा लेख दिवाळी अंकात आला. त्यात आमचा म्हसोबा होता, सुभेदार होता, फौजेचा तळ होता आणि शेवटी बायकांची पातेलीही होती. अब्बा होते ते ‘एक वृद्ध मुलाणी’ म्हणून. त्याला खूप पत्रं आली. लेख चांगलाच होता, मी दोनदा वाचला.

त्या जत्रेला अब्बा गेले. जाऊ नका म्हणून अम्मा पाया पडली, तरी गेले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, डोक्याला फेटा. मीही मागोमाग गेले, त्यांना एकटं सोडवेना. लोक रामराम करत होते. लालासाहेबाने बघून न बघितल्यासारखं केलं. अब्बांनी म्हसोबाला हात जोडले नाहीत, कधीच जोडत नसत. उगाच इकडेतिकडे बघत ते आडोशाकडे आले.

खाटीक पोरसवदा होता, तालुक्याकडचा, कुणाला ओळखत नव्हता. त्याने बकरा धरला होता. अब्बा त्याच्या हाताकडे बघत एक पाऊल पुढे गेले, आणखी एक गेले. काहीतरी सांगायचं त्यांच्या तोंडावर आलं होतं. पोराने वर बघितलं आणि अदबीने म्हणाला, “चाचा, जरा बाजूला व्हा. कपडे खराब होतील.”

“व्हय,” अब्बा म्हणाले, आणि बाजूला झाले.

बकरा ओरडला नाही. पोराचा हात चांगला होता. अब्बांनी मान हलवली आणि वाटेला लागले. दरसाल जत्रेहून आले की त्यांचे कपडे मी राखेत भिजत घालायची, दोन दोन पाण्यांनी रक्त निघायचं नाही. त्या संध्याकाळी मी सदरा न् धोतर विहिरीवर नेलं. धुण्यासारखं त्यांच्यावर काहीच नव्हतं. तरी मी ते धुतले, आणि वाळत घातले.